जसंच्या तसं

"हे वाक्य तीनदा आलंय. एकदाच ठेवा," असं म्हणत सरांनी लाल पेनाने दोन ओळी खोडल्या.

"खोडू नका, सर," स्टेनोबाई म्हणाल्या. "तीनदाच म्हटलंय त्यांनी."

वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी नव्या लेखकांचा वर्ग भरे. सरांची हयात वर्तमानपत्रात गेलेली. 'कथाच सुचत नाही' म्हणणाऱ्याला त्यांचं एकच औषध होतं: रोज ठरल्या वेळी एक पान लिहायचं. आसपासची माणसं बोलतात ते जसंच्या तसं उतरवायचं. कथा त्यातच असते, ती नंतर सापडते.

बाकीच्यांना हे जड गेलं. स्टेनोबाईंच्या हातचा तो मळ होता. चौतीस वर्षं त्यांनी कोर्टात जबान्या उतरवल्या होत्या. साक्षीदार अडखळला तर अडखळणं लिहायचं, तेच चारदा बोलला तर चारदा लिहायचं. अर्थ लावणं स्टेनोचं काम नव्हे. खुनाच्या खटल्यातली साक्षही त्यांच्या कानातून थेट बोटांत उतरे आणि जेवणाच्या सुट्टीत त्यांना त्यातलं एक अक्षर आठवत नसे.

गेले एकवीस दिवस त्या दुपारी चारच्या चहाला वही घेऊन नवऱ्यासमोर बसत होत्या. प्रत्येक पानावर तारीख आणि वेळ. नवरा पाणीपुरवठ्यातला निवृत्त पंप मेकॅनिक, जन्माचा थट्टेखोर. 'माझी जबानी घेतेस? मग वकील कुठाय माझा?' हे पहिल्याच पानावरचं वाक्य सरांनी मोठ्याने वाचलं तेव्हा वर्ग खळखळून हसला होता.

आता सर पानं उलटत होते.

"संवाद जिवंत आहेत. 'धाकटीचा फोन आला का गं?' हे पहिल्या पानावर एकदा, नवव्यावर तीनदा, शेवटच्यावर सहादा. चढत नेलंय तुम्ही, चांगलं आहे. पण म्हातारा विसरत चाललाय हे वाचकाला मध्यावरच कळतं. इतकं ठळक करू नका."

"कोण विसरत चाललाय?"

"तुमचं पात्र, बाई."

"पात्र नाही. आमचे हे आहेत." स्टेनोबाईंचा आवाज कोर्टात टिपण वाचून दाखवताना असायचा तसाच सपाट होता. "मी पदरचं काही घातलेलं नाही."

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"थट्टा करतात हो ते," स्टेनोबाईच पुढे म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून असेच आहेत."

शेजारच्या बाकावर एक नर्स बसायची. तिने वही ओढून घेतली आणि पहिलं नि शेवटचं पान वाचलं.

"काकू, तुमची उत्तरं वाचलीत का? पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, 'आत्ताच बोललात की तिच्याशी.' काल सहाही वेळा नुसतं 'हो.'"

स्टेनोबाईंनी पान पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं. सहा प्रश्न, सहा 'हो'. हे आपण बोललो हे त्यांना आठवेना.

"आमच्याकडे लोक येतात आणि सांगतात, कधी सुरू झालं लक्षातच आलं नाही," नर्स हळू आवाजात म्हणाली. "तुमच्याकडे तारखा आहेत. ही वही डॉक्टरांना दाखवा. उद्याच."

"माफ करा, बाई," सर म्हणाले आणि खोडलेल्या दोन ओळींवरून उगाच अंगठा फिरवत राहिले. शाई वाळली होती.

घरी नवऱ्यानेच दार उघडलं. "या लेखिकाबाई! किती मार्क पडले?"

"मार्क नसतात तिथे."

"मग नापास कसे करतात?"

स्टेनोबाई हसल्या. तोच माणूस, तीच थट्टा. जेवताना फोन आला. नवरा धाकट्या लेकीशी पाव तास बोलला, तिच्या नव्या घराची गळकी टाकी फोनवरूनच दुरुस्त करायला निघाला, इतका हसला की त्याला ठसका लागला.

चार वाजता त्यांनी चहा आणला आणि सवयीने वही उघडली. तारीख लिहिली, वेळ लिहिली.

"धाकटीचा फोन आला का गं?"

बोटांनी प्रश्न उतरवला. मग स्टेनोबाईंनी मान वर केली. चारच्या चहाला एकवीस दिवस त्यांची नजर कागदावर होती. समोर तो बशी हातात धरून बसला होता. ओठांच्या कडेला थट्टेचं हसू नव्हतं. तो खरंच उत्तराची वाट पाहत होता.

"आला होता," त्या म्हणाल्या. "नव्या घराची टाकी गळतेय तिच्या. सांगू सगळं?"

"सांग की!" त्याने खुर्ची पुढे ओढली. "वॉशर गेला असणार."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. त्या दिवसाच्या पानावर तारीख आहे, वेळ आहे आणि एक प्रश्न आहे. त्याखाली पान कोरं आहे.