जिन्यातलं बटण आणि पिवळे ठिपके

मित्रांनो, मी एक जुना मायक्रोस्कोप आहे आणि माझ्या नजरेतून काही म्हणजे काही सुटत नाही. मागे एका नव्या डॉक्टरांनी माझ्यात डोकावून 'कधीच न पाहिलेली पेशी' शोधून काढली. सगळा विभाग गोळा झाला. मीही ऐटीत ती दाखवत राहिलो. शेवटी ती त्यांचीच पापणी निघाली.

असो. माझं घर म्हणजे एक अंधारी खोली. काळा पडदा, फिरती खुर्ची आणि मी. माझा निळा दिवा काचेवर पडला की पेशींमधले रंगीत ठिपके उजळतात आणि बघणाऱ्याला वाटतं, आपण गच्चीवर उताणे पडून आभाळ बघतोय. तरुणपणी माझं फार कौतुक व्हायचं. मग शेजारच्या खोलीत नवं यंत्र आलं आणि लोक माझ्या डोक्यावर हेल्मेट ठेवायला लागले. मी आपला हेल्मेटखाली चांदण्यांची स्वप्नं बघत पडून असायचो.

माझ्यावर जीव होता तो एका डॉक्टरबाईंचा. एक दिवस त्या आल्या आणि दिवा न लावताच बसून राहिल्या. त्यांच्या वडिलांच्या मानेत गाठ आली होती. कॅन्सरची आहे हे कळलं होतं, आली कुठून ते कळत नव्हतं. प्रोस्टेटमधून आली असेल, तर पुष्कळदा वर्षानुवर्षं साथ देणारं औषध होतं. नाहीतर वाट अवघड. तपासायला गाठीचा एकच पातळ काप उरला होता, आणि नवं यंत्र नेमकं दुरुस्तीला गेलेलं. निकालावर सही मोठे डॉक्टर करणार होते, पण बाईंना आधी स्वतः बघायचं होतं. बाहेर बाकावर थांबवेना म्हणून आईबाबाही आत आले.

"बाबा, प्रोस्टेटमध्ये पुरुषी हार्मोनवर चालणारं एक बटण असतं," बाई म्हणाल्या. "तिथल्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा दोन जनुकं तुटून भलतीच जोडली जातात. मग त्या बटणावर पेशी वाढवणारं जनुक चालू होतं."

बाबा जन्मभराचे वायरमन. "म्हणजे वायरिंग चुकलं. माझ्या हातून असं कधी झालं नाही."

"नाही कसं?" आई म्हणाली. "आपल्या जिन्यातलं बटण दाबलं की माझा मिक्सर सुरू व्हायचा. पाहुणा वर येईस्तोवर अर्धं दूध छताला."

"एकदा चुकलं ते."

"आणि आपण ते घर सोडेपर्यंत तसंच राहिलं."

बाई हसल्या नाहीत. "त्या वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन टोकांना आम्ही लाल आणि हिरवा रंग लावलाय. जनुक शाबूत असेल तर दोन्ही मिळून पिवळा ठिपका. तुटलं असेल तर लाल एकीकडे, हिरवा दुसरीकडे. मग गाठ प्रोस्टेटचीच."

"आणि पिवळाच दिसला तर?"

"तर काहीच कळणार नाही."

त्यांनी डोळा लावला. मी पिवळे ठिपके दाखवले. सगळे पिवळे. माझ्या उजेडात रंग हळूहळू विटत चालले होते.

"काय दिसतंय गं?" आईने विचारलं.

तेवढ्यात माझा दिवा फडफडला.

"बटण सैल आहे हे," म्हणत बाबा भिंतीकडे वळले, आणि त्यांचं कोपर मला लागलं. काच सरकली. बाई ओरडणार, तोच तशाच थांबल्या.

मित्रांनो, इतका वेळ मी मोठ्या दिमाखात निरोगी पेशींची वस्ती दाखवत होतो. आजारी पेशी कोपऱ्यात बसल्या होत्या. तिथे लाल इकडे, हिरवा तिकडे, सगळ्या आभाळभर.

"बाबा," बाई डोळे पुसत म्हणाल्या, "वायरिंग तुमचंच चुकलंय."

"मग बटण दाबणाऱ्यालाच अडवा की."

"तेच तर औषध आहे."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," आई म्हणाली. काय म्हटलं होतं, ते कोणी विचारलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनीही बघून सही केली. औषध सुरू झालं, गाठ ओसरायला लागली. म्हणून सांगतो मित्रांनो, जुन्या डोळ्यांवर हेल्मेट ठेवू नका, झाकण घाला. अंगावर नवी गाठ दिसली तर दाखवून घ्या, आणि काच बघाल तेव्हा कोपरेही बघा.

बाबा परवा येऊन माझं ते सैल बटण बसवून गेले. आता ते दाबलं की कॅन्टीनमधली घंटा वाजते.