शेतावर पाणी

साल एकोणीसशे अठ्ठावन्न. वरंधच्या वरच्या अंगाला एका कंपनीची खाण होती आणि तिचा सुपरवायझर मी. महाडच्या शाळेत निबंधात पहिला आलेला असल्यामुळे कागद लिहावा तर मीच, असा माझा तोरा. भाद्रपदात बोगद्याचं तोंड ढासळलं आणि आत पाणी कोंडलं. ढिगाऱ्यात नळ घालून ते हळूहळू काढलं नाही, तर ढिगारा फुटून खालची ठकूबाईची सात खाचरं पोटरीतल्या भातासकट गाडली जाणार होती. आणि काढलेल्या पाण्याला ओढ्यापर्यंत वाट होती तीही तिच्याच खाचरांतून.

मी झोकात संमतिपत्र लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: "मी माझ्या शेतावर राजीखुशीने पाणी सोडत आहे."

ठकूबाईनं अंगठा पदराखाली घेतला. "नाय सोडनार."

"दोन दिवसच सोडायचंय, बाई."

"आनि तिसऱ्या दिशी परत देशील?"

"परत घेऊन काय करायचंय तुम्हाला?"

त्यावर तिनं दारच लावून घेतलं. माणसं अडाणी, असं पुटपुटत मी आणखी जोरकस मसुदा केला. त्यात 'यापुढे माझी तक्रार राहणार नाही' हेही घातलं. दुसरा दिवसही गेला.

तिसऱ्या सकाळी आमचा सुरुंगवाला भागोजी डोकं खाजवत म्हणाला, "सायेब, शेतावर पानी सोडला म्हंजे शेतच गेला की. तुमी शेतातनं सोडा."

निबंधात पहिला!

मी जाऊन 'शेतातनं' म्हटलं मात्र, "येवढाच होय?" म्हणत ठकूबाई फावडं घेऊन निघाली. मी वरचा बांध फोडायला गेलो, तर तिनं हात धरला. "आदी खालचा. न्हायतर पानी जायाचा कुठं?" खालून वर तिनं सातही बांधांना वाट केली. मग आम्ही नळ उघडला.

पण दोन दिवसांचं पाणी तुंबलेलं. दुपारी ढिगाऱ्याची एक बाजू सुटली. सहा खाचरांतून पाणी सरळ ओढ्याला गेलं. सगळ्यात वरचं मात्र कमरेएवढ्या दगडगाळाखाली गेलं.

ठकूबाई बांधावर नुसती उभी राहिली. मला भयंकर लाज वाटली. मी फावडं उचलून गाळ ओढायला लागलो; माझे शब्द पाहता तेच बरं होतं.

"आन हिकडं तुजा कागद," ती म्हणाली. "या येका खाचरापुरता बरोबर लिव्हलास."

मी शाईची डबी शोधेपर्यंत तिनं चिखलाचाच अंगठा उठवला होता.