इंग्रजांचं भांडण

प्रकाशन समारंभात बहिणीचं पुस्तक नावाजलं तर रेणुकादासला एक शाल, एक नारळ आणि नांदेडच्या प्राध्यापकमंडळींसोबत चहा मिळणार होता. झोडपलं, तर लातूरचं अर्धं सभागृह भरून बसलेली त्याच्या प्रवचनाची मंडळी खूश होणार होती. माईकपाशी पोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं.

पाठची बहीण मनस्विनी नांदेडला अर्थशास्त्र शिकवायची, देव मानत नसे. आई रेणुकादासकडं राहायची; सुटी लागली की मनस्विनी यायची ती आईच्या अंथरुणातच निजायची. पुस्तक होतं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज भावंडांवर. बहीण गोष्टी लिहून साध्या माणसांना बाजार समजावून सांगायची, भाऊ धर्मोपदेशक. पुढं तिनं देव नाकारला, त्यानं चारचौघांत तिच्या पुस्तकाची सालटी काढली, आणि दोघांचं बोलणं तुटलं ते मरेपर्यंत.

"दादा, आपलं तसं झालं नाही, एवढंच बोल," तिनं विनवलं होतं.

"त्या भावाचं चुकलं काय?" रेणुकादासनं सुरुवातच तिथून केली. "नासकं बोट कापतोच ना आपण? आमच्याही घरात एक इंग्रजीण निपजली. आजपासून आधी देवापुढं नाक घासायचं, मगच माझ्या घरात आईची भेट!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या आईला ऐकू यायचं नाही. सगळे वाजवून राहिले म्हणून तिनंही वाजवल्या. शेजारणीला म्हणाली, "दोघं माझीच लेकरं हाईत."

मनस्विनीनं तरीही रीतीप्रमाणे त्याला शाल पांघरली. "हाकलायचं तर घरी हाकलायचं होतंस, दादा."

"घरी ऐकायला कोण असतं?" तो पुटपुटला.

जिन्यातच औशाच्या ईश्वरप्पानं पाय धरले. "महाराज, लई भारी! सप्त्याला आमच्याकडं यायचंच. विषय ठेवलाय, भावाबहिणीची माया."

"येतो की," रेणुकादास म्हणाला.

भाऊबीजेला आईनं सकाळीच पाट मांडला. दुपार टळली तशी सून मालविकानं तिच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं: कोण इंग्रज, कशावरून भांडले, वन्सं का येणार नाहीत.

"ते दोघं हाईत का ग अजून?"

"कधीच मेले, आई."

"मग त्यांचं भांडण आपण का करून राहिलो?"

मालविका रांगोळी पुसायला लागली.

रेणुकादासला औशापाठोपाठ उदगीरचं बोलावणं आलं. वादाचं पुस्तक म्हणून मनस्विनीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली. आईच्या वाट्याला लेक उरली ती फोनवर. आई तो कानाला घट्ट लावायची, नुसतं "हाव, हाव" म्हणायची, आणि पलीकडं बोलणं संपून फोन कधी ठेवला गेला, तेही तिला कळायचं नाही.