भरलेलं लॉज

बसचं भाडं वाढलं, पेट्रोल वाढलं, आणि आमच्या तळ्यावर लोक सकाळी येऊन संध्याकाळी परत जायला लागले. डबा घरचा, पाणी घरचं, कचरा तेवढा आमच्यासाठी. मुक्काम कुणी करेना. मी आणि माझी धाकटी जाऊ लॉजच्या खोल्या झाडतो, चादरी बदलतो. पण कुणी झोपलंच नाही तर बदलायचं काय, डोंबल?

मालक म्हणाले, "या शनिवारी एक तरी खोली गेली पाहिजे. नाहीतर सोमवारी कुलूप." आमची दोन्ही घरं त्या लॉजवर चालतात.

मग मालकांनीच शक्कल काढली. ओसाड लॉजकडे कुणी फिरकत नाही म्हणे, चार माणसं दिसली की पाचवं येतं. आम्ही सगळ्या खोल्यांतले दिवे लावले, गॅलरीत ओले टॉवेल टाकले, दारांबाहेर चपला मांडल्या. जावेने तर कठड्यावर लहान मुलाची चड्डीही वाळत घातली. हौस दांडगी!

शनिवारी दिवेलागणीला खाली गाडी थांबली. नवरा-बायको, दोन पोरं आणि टपावर बॅगा. मुक्कामाच्या बॅगा बघून मला आनंदाने रडूच आलं. मी गॅलरीत टॉवेल झटकत होते. बाईने मान वर केली.

"अहो, इथेही फुल्ल आहे," ती नवऱ्याला म्हणाली. मग मला म्हणाली, "नशीबवान आहात बाई, तुम्हाला खोली मिळाली."

"मी कामाला आहे इथे! सगळं रिकामं आहे, या ना!" मी ओरडले.

तिला ती थट्टा वाटली. तेवढ्यात मालक धावत बाहेर आले आणि धापा टाकत म्हणाले, "अर्ध्या भाड्यात देतो खोली." तिथेच घात झाला.

"एवढी गर्दी असताना अर्ध्यात?" नवरा म्हणाला.

"अहो, गर्दी नाहीच. हे नुसतं दिसायला केलंय."

"म्हणजे फसवता होय लोकांना? चला, आत्ता निघालो तर जेवायला घरी पोहोचू."

गाडी वळली. मालक पायरीवर बसले आणि आमच्याकडे न बघताच म्हणाले, "चाव्या ठेवून जा."

वाटेत जाऊ म्हणाली, "जाऊबाई, शहरात कामं मिळतात म्हणे. जायचं का?"

"दोघींचं बसचं भाडं कोण देणार, तुझा बाप?" मी खेकसले.

ती रडायला लागली. तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण धीर द्यायला माझ्याकडे तरी काय होतं? बसथांबा मागे टाकून आम्ही चालत राहिलो.