डाव्या चाकाची तक्रार

गाड्यांचे पोचे काढणारे डेंटरमामा मास्तरांच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाशी उताणे पडून मडगार्डच्या आतल्या कडेवरून बोट फिरवत होते. बोट बाहेर आलं ते काळंकुट्ट होऊन. त्यांनी ते मास्तरांसमोर धरलं.

"रबराचा भुगा. टायर घासतोय हे खरं. पण कधी?"

"अधूनमधून," मास्तर म्हणाले.

"वळताना?"

"नाही. स्पीडब्रेकरवर."

"दर वेळी?"

"मागे कोणी बसलं असेल तर."

"कोणी म्हणजे कोण?"

मास्तर बावीस वर्षं शाळेत गणित शिकवत होते. अर्धवट उत्तर देणाऱ्या पोराला ते बाकावर उभं करत. आज मात्र ते गॅरेजच्या पत्र्याकडे बघू लागले.

"सासूबाई का?" मामांनी पडल्यापडल्याच विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आईचं वजन लोक बेधडक सांगतात. बायकोचंसुद्धा, ती जवळपास नसली तर. सासूचं विचारलं की सगळे पत्र्याकडे बघतात."

आता या सासूबाई काही साध्यासुध्या नव्हत्या. मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, आणि त्या जिना चढू लागल्या की डॉक्टरसुद्धा सिगारेट विझवत. निवृत्तीनंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत. दर रविवारी मास्तर त्यांना जेवायला आणायला जात. त्या मागे डावीकडे बसत आणि वाटेत मास्तरांच्या ड्रायव्हिंगमधल्या चुका काढत. चार आठवड्यांपूर्वी मात्र स्पीडब्रेकरवर चाकातून खर्रकन आवाज आला, पुढच्या ब्रेकरवर परत आला, आणि शेजारी बसलेली पाच वर्षांची नात म्हणाली, "आजी बसली की गाडी ओरडते."

सगळ्यांत मोठ्यांदा सासूबाईच हसल्या. पुढच्या रविवारी त्यांचा गुडघा दुखत होता. त्याच्या पुढच्या रविवारी सर्दी. मग नळ दुरुस्त करणारा यायचा होता. रविवारी, दिलेल्या वेळेला नळवाला येतो यावर जगात कोणाचा विश्वास बसेल? मास्तरांच्या बायकोचाही बसला नाही.

"तू आईला काही बोललास का?" ती रोज विचारायची.

"मी कशाला बोलू?" मास्तर म्हणायचे. हे शंभर टक्के खरं होतं. ते काहीच बोलले नव्हते, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

कारण खरी गोष्ट मास्तरांना पक्की ठाऊक होती. त्या रविवारच्या चारच दिवस आधी त्यांनी गाडीला नवे रुंद टायर बसवले होते. जुने चांगले होते की, असं बायको म्हणालीसुद्धा होती. पण टायरवाला म्हणाला, गाडीला रुबाब येईल, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर उभ्या माणसाला रुबाब हा शब्द फार लागतो. दोष टायरांचा आहे, एवढं एक वाक्य त्याच क्षणी बोलायचं होतं. पण ते बोललं असतं तर सासूबाईंनी टायरांची चौकशी केली असती, घरी बायकोने केली असती, आणि रुबाबाची पार शोभा झाली असती. म्हणून मास्तर गप्प राहिले आणि चार आठवडे एका बाईला वाटू दिलं की गाडी तिच्या वजनाने ओरडते.

मामांनी चाक काढलं. चाकाच्या जागी एक लोखंडी दांडा घट्ट बसवला, त्याच्या टोकाला छोटासा रूळ. मडगार्डची कड आतल्या बाजूला, चाकाकडे, बोटभर पुढे आलेली होती आणि गाडी दबली की टायरला नेमकी तीच लागत होती. मामा हीट गनच्या गरम हवेने रंग तापवायचे, मग रूळ कडेवर दाबून दांडा सावकाश मागेपुढे न्यायचे. पत्रा जराजरासा आत दुमडत होता.

"जोर लावून एकदाच का नाही दुमडत?" मास्तरांनी विचारलं.

"रंग तडकतो. पत्र्याला गरम करून, हळूहळू सांगावं लागतं. ऐकतो बिचारा."

तासाभराने कड आत सपाट झाली होती. चाक पुन्हा चढलं. मग मामांनी कोपऱ्यातल्या वाळूच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. एकेक पोतं पन्नास किलोचं.

"किती टाकू?"

मास्तरांनी मनात हिशेब केला. "दीड."

मामा नुसते बघत राहिले.

"पावणेदोन," मास्तर म्हणाले.

"दोन टाकतो. वडीलधाऱ्यांचा मान म्हणून."

दोन पोती मागच्या सीटवर डावीकडे बसवली, आणि मामांनी सवयीने त्यांना पट्टाही लावला. गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून गाडी तीनदा नेली. चाकाने हूं की चूं केलं नाही. मास्तरांना केवढा आनंद झाला. ते खिशातून पाकीट काढू लागले, तेवढ्यात मामांनी हात पुसत विचारलं, "जुन्या टायरांवर घासत होतं?"

"नाही."

"हे त्यांना सांगितलंत?"

मास्तरांना एकदम घड्याळात बघावंसं वाटलं.

"कड मी दुमडली," मामा म्हणाले. "पुढचं काही माझ्या हातात नाही."

रविवारी मास्तर न कळवताच सासूबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. त्या एकट्याच पेपर वाचत होत्या. नळवाल्याचा कुठे मागमूस नव्हता.

"तुम्ही व्हा पुढे, मी बसने येते," त्या म्हणाल्या. "तेवढंच चालणं होतं."

"गुडघा दुखतोय ना तुमचा?"

स्वतःच्याच थापेत सापडलेल्या सासूबाई मुकाट्याने चपला घालून निघाल्या. मागे डावीकडे बसल्या. मास्तरांनी क्लच जरा लवकर सोडला, गाडीने गचका खाल्ला, पण मागून एक शब्द आला नाही. मास्तरांना ते चुकल्यासारखं वाटलं.

पहिला स्पीडब्रेकर आला. आवाज नाही. दुसरा आला, तोही तसाच गेला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. झालं, मिटलं, आता कोणाला काही सांगायची गरजच उरली नाही, अशा खुशीत त्यांनी तिसऱ्या ब्रेकरच्या जरा आधी आरशात पाहिलं.

सासूबाईंनी खिडकीवरची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. दात आवळले होते, श्वास रोखला होता, आणि बहात्तर वर्षांची ती बाई सीटपासून वीतभर वर लटकत होती. चाकावर आपला भार पडू नये म्हणून.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. त्यांना लाज वाटली, कान तापेपर्यंत वाटली.

"आई, हात सोडा."

"कुठे काय? मी आपली धरून बसलेय."

"दोष टायरांचा होता. मी रुंद टायर बसवले, रुबाबासाठी. त्याआधी इतकी वर्षं तुम्ही याच गाडीत बसलात, कधी आवाज आला होता? मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बोललो नाही."

मास्तर समोर स्टिअरिंगकडे बघत राहिले.

"चार आठवडे," सासूबाई म्हणाल्या, "मी उकडलेल्या भाज्या खातेय."

"चुकलो मी."

"क्लचही लवकर सोडता तुम्ही."

मास्तरांनी मान डोलवली. आरशात त्यांना दिसलं, सासूबाईंनी एक हात खाली घेतला, मग दुसरा. त्या सीटवर मागे टेकल्या, सगळ्या अंगाने, आणि सीट कुरकुरली तरी तशाच बसून राहिल्या. मास्तरांनी गाडी चालू केली आणि तिसरा स्पीडब्रेकर पार केला. चाक गप्प होतं.

"वळवा मागे," सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं? काही राहिलं का घरी?"

"आधीचे दोन मी लटकून काढले. ते परत घ्या."