गोठ्यातलं लुगडं

हरणाबाई गोठ्यात घसरून पडली आणि तिचा उजवा खांदा फुटला. मिरजेच्या डॉक्टरांनी तो काढून तिथं नवा सांधा बसवला, त्याला आता पाच आठवडे होत आले होते. खांदा जागेवर होता, जीव तेवढा थाऱ्यावर नव्हता.

हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवलेला. पाठीमागं न्यायचा नाही, वर करायचा नाही, मग नऊवारी नेसणार कशी? उभ्या जन्मात जिनं लुगड्याशिवाय उंबरा ओलांडला नाही, तिला सुनेनं पुढून बटणं लावायचा फुलाफुलांचा गाऊन चढवला होता. कुणी आलं की ती अंगावर चादर ओढून घ्यायची. सकाळ-संध्याकाळ ती वाकून दुखरा हात विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखा हलवायची. तेवढं मुकाट्यानं करायची, कारण काही महिन्यांनी हात कामाला लागेल असं डॉक्टर म्हणाले होते. आणि काम म्हणजे तिच्या लेखी एकच, हौशीची धार काढणं.

हौशी म्हणजे घरची म्हैस. हरणाबाईशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. हरणाबाईच्या पोटच्या लेकाला, भाऊसोला, तिनं दोनदा लाथ घालून उताणा पाडला होता. गाव त्याला हसायचं आणि हरणाबाईला आतून गुदगुल्या व्हायच्या. आपल्यावाचून घराचं अडतं, याचा तो रोजचा दाखला होता.

मग दवाखान्यातून आल्यापासून घरात दूध येत होतं कुठून?

"धार कोण काढतंय गं?" तिनं सुनेला विचारलं. सून क्रांती, सांगलीची, लग्न होऊन तीन वर्षं झालेली.

"निघतीय आत्ती कशीतरी. तुमी हात सांभाळा."

"मी बघून यीन म्हनते."

"आवं, चिखल हाय तिथं. परत पडलासा म्हंजे?"

गोठा ओढ्यापलीकडं मळ्यात, म्हणजे घरी बसून कळायला मार्ग नाही. भाऊसोला विचारलं, तर "क्रांतीला इचार" म्हणून तो मान खाली घालून विट्याला यंत्रमागावर निघून गेला. लेक खोटं बोलताना मान खाली घालतो, हे आईला कुणी शिकवायला लागत नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यात ते लुगडं. वळणीवरचं हिरवं, विटकं, गोठ्यात नेसायचं लुगडं एका संध्याकाळी दिसेना. "धुवायला टाकलंय," क्रांती म्हणाली. चार दिवसांनी परत दिसेना. परत धुवायलाच!

"रोज धुवायला ते काय सोवळं हाय व्हय?" हरणाबाई कडाडली. क्रांतीनं ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारची बनाबाई विचारपूस करायला आली. बनाबाईची विचारपूस म्हणजे बरी झालेली जखम उकरून बघणं.

"वाईट वाटून घिऊ नगा," बशीतला चहा फुंकत ती म्हणाली, "पर आमच्या ह्यांनी विट्याच्या बाजारात एक म्हस बघितली म्हनं. शिंगं अगदी हौशीगत."

"आनि माझं गोठ्यातलं लुगडं सारखं गायब हुतंय, ते गं?"

"आता म्हातारीची लुगडी कवा वाटत्यात, ते म्या सांगू?"

ती गेली आणि हरणाबाईनं सगळं जुळवून टाकलं. हात परत येणार नाही असं डॉक्टरांनी पोरांना सांगितलंय, आपल्यापासून लपवलंय. म्हणून म्हैस विकली, दूध पिशवीचं आणतात, आणि आपल्या जिवंतपणी लुगडी वाटायला काढली. हात गेला, म्हैस गेली, उरली म्हातारी. तिला कोपरा पुरतो. त्या दुपारी तिला भाकरी गिळवेना.

तरी खात्री करावी म्हणून तिनं डाव्या हातानं दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. साय बोटाएवढी जाड! पिशवीच्या दुधाला असली साय कुठली धरायला? इथं खरं तर संशय फिटायला हवा होता. पण संशयी माणसाला पुरावा देऊन बघा, तो पुराव्यावरच संशय घेतो. मला फसवायला दुसऱ्याच्या म्हशीचं दूध आणतात, असं हरणाबाईनं ठरवलं.

संध्याकाळी क्रांती बादली घेऊन निघाली. बादलीच्या तोंडावर घडी घातलेलं हिरवं लुगडं होतं. हरणाबाई उठली आणि गाऊनवरच तिच्या मागं चालू लागली. वाटेत दोघीतिघी भेटल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. तिनं तिकडं बघितलंही नाही. ओढ्यावरची फरशी तिनं पावलागणिक जीव मुठीत धरून ओलांडली.

गोठ्याच्या पत्र्याआडून तिनं आत पाहिलं. हौशी होती! तिच्या जिवात जीव आला. आणि हौशीच्या कासेशी हिरवं लुगडं नेसून, पदर डोक्यावरून घेऊन, हरणाबाईच बसली होती.

क्षणभर तिला तसंच वाटलं. मग उमगलं. जनावर वास ओळखतं, म्हणून दुसऱ्यानं बसायचं तर नेहमीच्या बाईचं लुगडं नेसून बसावं, ही युक्ती तिनंच गावातल्या कितीजणींना सांगितली होती. घरातल्या सुनेला तेवढी सांगितली नव्हती. तिला आपल्या संशयाची लाज वाटली. ती हाक मारणार, तोच आतून तिचाच आवाज आला.

"काय सांगू गं हौशे," आवाज म्हणाला, तोच खरखरीत हेल, तेच सुस्कारे. "आमची क्रांती भाकरी थापती का शेणी, तिचं तिलाच कळंना. दिसभर मोबाईल. आईनं काय शिकवूनच धाडली न्हाई."

बादलीत धार वाजत होती. तीन वर्षं हरणाबाई धार काढता काढता म्हशीजवळ मन मोकळं करत आली होती. आणि तीन वर्षं क्रांती रिकामी चरवी घेऊन याच पत्र्याआड उभी राहायची, हे हरणाबाईच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

क्रांती दम घ्यायला थांबली. हौशीनं लगेच पान्हा चोरला, मागचा पाय उचलला.

"आनि तीन वर्सं झाली, पाळना हलंना," क्रांती घाईनं म्हणाली, त्याच आवाजात, चेहरा कासेकडं करून. "वांझोटी पदरात पडली गं हौशे."

धार पुन्हा सुरू झाली.

"क्रांते!"

क्रांती दचकून उठली. पदर डोक्यावरून खाली आला. हरणाबाई पत्र्याआडून पुढं आली.

"असलं का बोलतीस गं सोताला? तिला शब्द कुठलं कळायला? आवाज वळखतीय ती. चांगलं बोलली असतीस तरी सोडलं असतं की दूध."

"बोलून बघितलं आत्ती," क्रांती खाली बघत म्हणाली. "पर तुमच्या आवाजात चांगलं जमंना मला. कवा ऐकलंच न्हाई."

हौशी चुळबुळ करायला लागली. क्रांती पुन्हा कासेशी बसली आणि सासूच्या आवाजाची वाट बघत राहिली.

"आमची क्रांती," हरणाबाई म्हणाली आणि अडली. "आमची क्रांती, हौशे... आमची क्रांती..."

पुढचं काही तिला सुचलं नाही. बादली भरेपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली.