बहियाचे वडील

हाजी मुतवल्लींना माती देऊन एक रात्र उलटली नाही, तोवर त्यांचे थोरले चिरंजीव साबरीकाका जेवणाच्या टेबलाशी बसून नातेवाइकांच्या पदव्या जुळवू लागले. दात कोरता कोरता. कोरून निघालेलं काडीवर निरखायचे, काडी पुन्हा तोंडात घालायचे आणि म्हणायचे, "हं, लिही पुढे."

लिहीत होती त्यांची पुतणी इनास. कॉलेजात शिकलेली, म्हणून वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेचं काम तिच्या गळ्यात. मांडीवर तिची अकरा महिन्यांची लेक, जना. काकांच्या सिगारेटचा धूर पोरीच्या नाकात जाऊ नये म्हणून एका हाताने ती वारा घालत होती.

कैरोच्या मोठ्या वर्तमानपत्रात छापून आल्याशिवाय माणूस मेला असं इस्माइलियात कुणी धरत नाही. आणि त्या छापील चौकटीत मेलेल्याला एक ओळ. बाकी सगळी जागा जिवंतांची.

"ब्रिगेडियर साबरी यांचे वडील. 'निवृत्त' घालू नकोस. इंजिनियर हिल्मी यांचे वडील."

"बाबा इंजिनियर नाहीत, काका. पाणीपुरवठ्यात मुकादम होते."

"अगं, दुःखाच्या दिवशी एवढं बारीक कोण बघतं?"

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला तिचे बाबा, हिल्मी, मान खाली घालून बसले होते. इंजिनियर होणं त्यांनी मुकाट्याने पत्करलं.

"डॉक्टर वजीह यांचे सासरे. म्हणजे आपली धाकटी सामिया त्यात आली. न्यायाधीश रिफअत यांचे व्याही. झालं."

"आणि बहियाआत्या?"

"तिला कुणाची म्हणून लिहू? पोरी नवऱ्याच्या नावाने येतात. पासष्टीची बाई, बिनलग्नाची. अख्ख्या मुलखाला वाचून दाखवायचंय का?"

बहियाआत्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात पाहुण्यांची कॉफी उकळत होती. तिला ऐकू जात होतं. काकांनाही ते ठाऊक होतं.

आजोबा तरुणपणी सहा वर्षं लष्करात होते. युद्धात कालव्यापलीकडची शत्रूची वाळूची भिंत पाण्याच्या झोताने फोडणाऱ्या पथकातले. शहरावर तोफगोळे पडू लागले तेव्हा घरच्यांना दूर एका शाळेच्या व्हरांड्यात हलवलं, आणि आजी तिथेच तापाने गेली. बहिया दहा वर्षांची. तिची शाळा त्या दिवशी सुटली ती सुटलीच. धाकटी तीन भावंडं तिने वाढवली. साबरीकाकांच्या पहिल्या गणवेशाची बटणंही तिनेच शिवली होती. सुट्टी मिळाली की आजोबा बारा-बारा किलोमीटर चालत यायचे, खिशात चार संत्री घेऊन. स्वतःसाठी पाचवं कधी नसायचं. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. केवढा कुटुंबवत्सल माणूस, असं गाव म्हणायचं. बहियाला आलेली दोन स्थळं "मग पोरांचं कोण बघेल?" म्हणून त्यांनीच परत पाठवली, हे गाव म्हणायचं नाही. इनासचा आजोबांवर फार जीव. पण हे आठवलं की त्यांचा रागही यायचा.

शेवटची चार वर्षं ते अंथरुणाला खिळले. दर दोन तासांनी आत्या त्यांना कुशीवर वळवायची, पाठीचं क्षत धुवायची. साबरीकाका ईदला यायचे. नाकाला रुमाल लावून दारातच उभे.

कागद आणि जनाला घेऊन इनास वर्तमानपत्राच्या इस्माइलियातल्या कचेरीत गेली. खिडकीशी उभं राहून तिने सगळ्यात वर, जागा नव्हती तिथे, दाटीने लिहिलं : 'बहियाचे वडील'.

खिडकीतल्या बाईने चष्मा वर केला. "ही कुणाची पत्नी?"

"कुणाचीच नाही. मुलगी आहे."

"असं कुणी देत नाही हो. उद्या घरचे माझ्या डोक्यावर येऊन बसतील."

"ओळखपत्र माझं लावलंय. माझ्या डोक्यावर बसतील."

म्हणाली खरी, पण परतताना जनाला तिने इतकं घट्ट धरलं की पोर रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका वर्तमानपत्राची सुरळी करून जिना चढले. "कुणाला विचारून? नाक कापलंस माझं! चारचौघांत—"

पाठोपाठ न्यायाधीश रिफअत आत आले. त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला. "वाचलं, ब्रिगेडियरसाहेब. बहिणीला सगळ्यांच्या आधी मान दिलात. आजकाल कोण देतो? मन मोठं लागतं."

इनासने काकांचा चेहरा बघितला. कढईतलं तेल पाणी टाकल्यावर तडतडतं आणि मग निवतं, तसा राग निवला. सुरळी सरळ झाली. हात छातीवर गेला.

"आईच ती माझी, साहेब. मीच बजावलं, आधी माझ्या बहियाचं नाव, मग आमचं."

आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. खोटं असतं तर सोसलं असतं. ते खरं होतं. त्याच भरात त्यांनी जनाला उचलून घेतलं आणि तिच्या गालावर ओल्या, धुरकट ओठांनी मुका घेतला.

"काका, तुम्ही—" इनासने तोंड उघडलं. बाबा बुटांकडे बघत होते. तेवढ्यात ट्रे घेऊन आलेल्या आत्याने तिच्या पायावर पाय दिला. "पोरीला घे आणि आत चल."

स्वयंपाकघरात इनासचा आवाज फाटला. "धडधडीत खोटं बोलतायत, आत्या!"

"मग? आज नवीन शिकला का? छापलंय ना?"

"छापलंय."

"आता त्याला पुसता येईल?"

"नाही."

"मग बोंबलू दे." आत्याने ओले हात कमरेला पुसले, वर्तमानपत्र ओट्यावर पसरलं. "कुठाय?"

इनासने बोट ठेवलं. आत्या वाकली आणि स्वतःचं बोट तिथे टेकवून, इतक्या वर्षांत विसरलेल्या त्या अक्षरांकडे बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"बरं," आत्या म्हणाली, पण बोट तिथून उचललं नाही.

बाहेर काका पुढच्या पाहुण्याला तेच सांगत होते, आता आणखी मीठमसाला लावून. इनासने फडकं नळाखाली धरलं आणि जनाचा गाल पुसला. मग वास घेतला. मग पुन्हा पुसला.